फोन टॅपिंगचा आदेश सरकारचा, मग मोबाइल कंपनी जबाबदार कशी?

फोन टॅप करायला पोलिसांना तुमच्या हँडसेटला हात लावावा लागत नाही. तुमचा कॉल कंपनीच्या यंत्रणेतून जातो आणि तिथूनच त्याची प्रत तपास यंत्रणेकडे वळवली जाते. इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर हे किरकोळ काम आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे: हातात आलेला आदेश खरा आहे का, हे कोण तपासतं?

बनावट पत्र, खरं टॅपिंग

२००५ मध्ये समाजवादी पक्षाचे तेव्हाचे नेते अमर सिंह यांचा फोन टॅप झाला. दिल्ली पोलीस आणि दिल्ली सरकारच्या गृह विभागाच्या नावाने आलेल्या पत्रांवर रिलायन्स इन्फोकॉमने ही सोय करून दिली. पत्रं बनावट निघाली. ‘आम्ही खरी समजूनच वागलो,’ अशी बाजू कंपनीने मांडली.

२०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने अमर सिंह यांची याचिका फेटाळली, कारण त्यांनी कोर्टापासून माहिती दडवली होती. पण कोर्टाने कंपनीलाही सोडलं नाही. पत्रात ढोबळ चुका होत्या, त्या पाहूनच संशय यायला हवा होता आणि कंपनीने खातरजमा करायला हवी होती, असं कोर्टाने सुनावलं.

नियम काय सांगतात?

१९९६ च्या पीयूसीएल निकालात सुप्रीम कोर्टाने फोन टॅपिंगला अटी घातल्या. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. साधारणपणे गृहसचिवांचा आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो आणि वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. नंतर एक समिती आदेश तपासते. त्या समितीत सगळे सरकारी सचिव असतात, न्यायाधीश एकही नाही.

२०१८ मध्ये न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या अहवालाने दाखवून दिलं, की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीच्या एकेका बैठकीपुढे १५ ते १८ हजार आदेश असतात. एवढे आदेश एका बैठकीत वाचून तरी होतील का?

आपल्याला कळणार कसं?

बेकायदा टॅपिंगला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण ज्याचा फोन ऐकला गेला, त्याला ते कळवलंच जात नाही. मग तक्रार करणार कोण? २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. ते कोर्टात जाऊ शकले, कारण सीबीआयने ते रेकॉर्डिंग त्यांच्याविरुद्धच्या खटल्यात वापरलं होतं. ज्यांच्यावर खटलाच झाला नाही, त्यांचं काय?

म्हणूनच कंपनीची भूमिका महत्त्वाची. सरकारी यंत्रणेबाहेरचं असं हा आदेश पाहणारं दुसरं कोणीच नसतं.

‘देशाची सुरक्षा’ हेच उत्तर?

अतिरेकी आणि खंडणीखोरांचे फोन ऐकावे लागतात, यात वाद नाही. कंपनीतून माहिती फुटू शकते, ही भीतीही खरी आहे. म्हणून सरकारने सेंट्रलाइज्ड मॉनिटरिंग सिस्टिम उभारली. त्यात यंत्रणेला प्रत्येक वेळी कंपनीच्या माणसांकडे जावं लागत नाही. गुप्तता वाढली, पण आदेश पाहणारं बाहेरचं माणूसही कमी झालं.

निदान आकडा तरी सांगा

माझं मत स्पष्ट आहे. कोणाचा फोन टॅप होतोय, हे जाहीर करू नका. पण वर्षभरात किती आदेश आले, किती परत पाठवले, किती नियमबाह्य ठरले, हे प्रत्येक कंपनीने जाहीर केलं पाहिजे. २०१४ मध्ये व्होडाफोनने अनेक देशांतली अशी माहिती जाहीर केली. भारताच्या रकान्यात मात्र आकडा नव्हता, कारण इथला कायदा तो देऊ देत नाही, असं कंपनीने नमूद केलं.

नुसत्या आकड्यामुळे कुठला अतिरेकी सावध होणार आहे? ही बंदी सरकारने उठवावी. आणि ती उठेपर्यंत कंपन्यांनीही गप्प न बसता, परवानगी द्या म्हणून सरकारच्या मागे लागावं. दर महिन्याला रिचार्जचे पैसे आपण त्यांनाच देतो.