सुहृदांचा शोध : तरुणांच्या मनःस्वास्थ्यासाठी आपले दायित्व

विशी-पंचविशीतील जे रुग्ण आज आपल्या चिकित्सालयात येतात, त्यांच्या तक्रारींत एक साम्य आढळते. अनिद्रा, अम्लपित्त, केस गळणे, छातीत धडधड, वाचलेले लक्षात न राहणे. नाडी, जिव्हा, कोष्ठ पाहून आपण ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांचे कल्प योजतो. अनेकांना उपशयही मिळतो. तथापि काहीजण पंधरवड्याने त्याच तक्रारी घेऊन परततात. थोडे आस्थेने विचारले असता कळते, की मनातले असे ते कित्येक महिन्यांत कोणाशीही बोललेले नाहीत. अशा रुग्णास औषधाच्या चिठ्ठीसोबत समवयस्कांच्या एखाद्या विश्वासार्ह आधारगटाचा पत्ता देणे हा चिकित्सेचाच भाग होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही कल्पना आपल्या शास्त्राला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात त्रिविध चिकित्सेमध्ये सत्त्वावजयाला स्वतंत्र स्थान दिले आहे. उन्मादचिकित्सेत सुहृदाने हितकर शब्दांनी धीर द्यावा, असा निर्देश येतो. चिकित्सेच्या चतुष्पादांतील उपस्थात्याच्या गुणांत अनुराग, म्हणजे रुग्णाविषयीचा जिव्हाळा, आवर्जून सांगितला आहे. एकत्र कुटुंबात हा सुहृद घरातच भेटत असे. आज तो शोधावा लागतो.

पुण्याच्या सदाशिव, नारायण व नवी पेठेतील अभ्यासिकांचेच उदाहरण घ्यावे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली मुले-मुली स्पर्धा परीक्षांसाठी तेथे वर्षानुवर्षे दिवसाचे बारा-बारा तास बसतात. शेजारच्या खुर्चीवर समवयस्क असतो, परंतु तोच प्रतिस्पर्धीही असतो. गावी फोन करावा, तर घरच्यांच्या आशेचे ओझे वाढते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. ही संख्या वाचून आपल्यापैकी कोणास स्वस्थ बसवेल?

शासकीय पातळीवर काही व्यवस्था आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावोगावी समवयस्क शिक्षक नेमण्याची तरतूद असून, शासकीय रुग्णालयांतील त्याची सल्ला केंद्रे आपल्या राज्यात ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने ओळखली जातात. मात्र हा कार्यक्रम १० ते १९ वयोगटापुरता आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. परंतु महाविद्यालय सोडून केवळ अभ्यासिकेत बसणारा चोवीस वर्षांचा उमेदवार या दोन्ही व्यवस्थांतून सहज निसटतो. तो आपल्याकडे मात्र येतो, कारण आपल्याकडे येण्यात त्याला संकोच वाटत नाही. औषधालयाच्या गल्ल्यावर ‘झोपेचे काही आयुर्वेदिक द्या’ म्हणणारा ग्राहकही पुष्कळदा तोच असतो.

आधारगट आपल्या राज्यात नाहीत, असे नव्हे. ठाण्याची मानसिक आरोग्य संस्था आणि पुण्याचे मुक्तांगण यांनी परस्पर आधाराची परंपरा दीर्घकाळ चालविली आहे. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णास ‘शुभार्थी’ व त्याची काळजी घेणाऱ्यास ‘शुभंकर’ म्हणण्याचा सुंदर प्रघात रुजविला. मद्यपाशात सापडलेल्यांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा अनेक गावांत भरतात. तालुक्याच्या ठिकाणी शोध घ्यावयाचा तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि सार्वजनिक ग्रंथालयाचे चालक यांच्यापासून आरंभ करावा.

मात्र पत्ता देण्यापूर्वी पारख करणे अगत्याचे आहे. गट चालविणाऱ्यास काही प्रशिक्षण आहे काय? त्याचा मनोविकारतज्ज्ञाशी संपर्क आहे काय? तेथे बोललेले तेथेच राहते काय? शुल्क किंवा वस्तूंची विक्री यांचा आग्रह होतो काय? चालू औषधे परस्पर बंद करावयास सांगणाऱ्या गटाकडे, मग ती औषधे कोणत्याही पॅथीची असोत, रुग्ण पाठवू नये. शक्य तेथे पूर्वानुमती घेऊन एखाद्या बैठकीस आपण स्वतः उपस्थित राहावे.

गटाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. मरणाची भाषा, भास, अनेक दिवसांचा अन्नत्याग अथवा सलग निद्रानाश दिसल्यास गटाची वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे आणि तोवर रुग्णास एकटे सोडू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात ठळकपणे लावलेला असावा.

या विचारावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा, की दुःखितांच्या मेळाव्यात दुःखच वाढते. हे अगदीच निराधार नाही. अनुभवी संचालक नसेल, तर गट रडगाण्याचा अड्डा होऊ शकतो. म्हणूनच वर सांगितलेली पारख हवी. दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. तो म्हणजे असा रुग्ण हातचा जाईल, मेध्य कल्पांचा खप घटेल. याचे उत्तर व्यवहाराच्याच भाषेत देता येईल. ज्या वैद्याने आपल्या मुलाला योग्य माणसांपर्यंत पोहोचविले, त्याला कुटुंब विसरत नाही. आणि खप घटलाच, तर तो घटू द्यावा. एकाकीपणावर गोळ्या विकून दुकान चालविणे आपल्या व्यवसायास शोभणारे नाही.

यास्तव संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेस एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपल्या परिसरातील पारखलेल्या गटांची एका पानाची यादी करावी. तीत बैठकीचा वार, वेळ, ठिकाण आणि संपर्क असावा. दर सहा महिन्यांनी ती पडताळावी व सर्व सभासदांस आणि औषधालय चालकांस द्यावी. जेथे एकही गट नाही, तेथे शाखेने एखादी अभ्यासिका किंवा ग्रंथालय व स्थानिक मनोविकारतज्ज्ञ यांना एकत्र आणून आठवड्यातून एक तास मिळवावा. यासाठी निधी लागत नाही, चार माणसांची चिकाटी लागते. ती आपल्या वैद्यबंधू-भगिनींत निश्चित आहे.