चिरंजीव काय करतात?

गेल्या महिन्यांत आमचे घरीं एक गृहस्थ आपल्या कन्येच्या विवाहासंबंधानें बोलणें करावयास आले होते. माझा पुतण्या खराडी येथें एका कचेरींत नोकरीस आहे. शिक्षण, पगार, गोत्र, पत्रिका यांची विचारपूस झाल्यावर त्यांनीं विचारलें, “चिरंजीव नेमकें काय करतात?” मुलगा सरळ स्वभावाचा. तो म्हणाला, “संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या चिपचा आराखडा दुसरे करतात; त्यांतील चुका मी शोधतों.” गृहस्थांनीं पेला खालीं ठेविला आणि विषय बदलला.

ते गेल्यावर माझ्या वडील बंधूंनींही मुलास तोच प्रश्न केला, आणि त्यांतून निराळीच गोष्ट बाहेर आली. स्वतःचा आराखडा करूं पाहणाऱ्या एका नव्या, लहानशा कंपनीनें त्यास बोलाविलें आहे. पगार मात्र निम्मा. घरांत दोन तट पडले व निवाडा मजकडे आला. तेव्हां हा धंदा आहे तरी काय, तें मीं महिनाभर मुलाजवळ बसून समजून घेतलें. अशीं मुलें आज पुष्कळ घरांत आहेत. म्हणून तें वाचकांपुढें ठेवितों.

संगणकाच्या सामान्य पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८० बिंदु असतात. एकूण वीस लक्षांहून अधिक. चित्र हालतें दिसावें म्हणून ते सेकंदास साठ वेळां रंगविले, तर सेकंदास सुमारें १२ कोटी ४४ लक्ष बिंदूंचा हिशेब करावा लागतो. आपल्या शास्त्रकारांनीं दोन दृष्टांत दिले आहेत. शंभर कमलदलें एकावर एक ठेवून सुईनें भेदलीं, तर तीं एकदम भेदलीं असें वाटतें. वस्तुतः तीं एकामागून एक भेदलीं जातात. हा शतपत्रभेदन्याय. खळ्यावर दाणे पाहून लहानथोर सारीं कबुतरें एकाच वेळीं उतरतात; हा खलेकपोतन्याय. संगणकाचा मुख्य प्रोसेसर बव्हंशीं पहिल्या न्यायानें चालतो: बुद्धिमान, पण कामें क्रमानें उरकणारा. ग्राफिक्स प्रोसेसर दुसऱ्या न्यायानें चालतो. त्यांत साधें गणित करणारे हजारों घटक एकदम कामास लागतात. २०२२ सालीं निघालेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डाच्या चिपमध्यें ७,६०० कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर आहेत.

या धंद्यांतील नवल असें कीं, चिपवर ज्याचें नांव, त्याचा कारखाना बहुधा नसतोच. आराखडा एनव्हिडिया किंवा एएमडी करते. चिप घडविते १९८७ सालीं स्थापन झालेली तैवानची टीएसएमसी. आणि ती बसवून कार्डें विकतात आसुस, एमएसआय यांसारख्या कंपन्या. आराखडा प्रथम एका सांकेतिक भाषेंत लिहिला जातो. तो कारखान्याकडे रवाना केल्यावर खोडरबर चालत नाहीं. मागाहून सांपडलेल्या कांहीं चुका सॉफ्टवेअरनें झांकतां येतात. बाकीच्यांसाठीं चिप पुन्हा घडवावी लागते, आणि त्यांत महिने व कोट्यवधि रुपये जातात. पुस्तकास शुद्धिपत्र जोडतां येतें, तसें येथें नाहीं. म्हणून मुद्रितें तपासणाऱ्याप्रमाणें चुका शोधणारे लोक या धंद्यांत मोठ्या संख्येनें लागतात. आमचा मुलगा त्यांपैकीं एक.

बंधूंचें म्हणणें असें कीं, हा धंदा म्हणजे जुगार आहे. तें अगदींच खोटें नाहीं. १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीच्या वूडू कार्डांनीं खेळणाऱ्यांस वेड लाविलें होतें. १९९८ च्या अखेरीस तिनें कार्डें करणारी दुसरी कंपनी घेण्याचें ठरविलें. जे आजवर तिची चिप विकत घेऊन कार्डें करीत, त्यांसच ती प्रतिस्पर्धी झाली. ते तिला सोडून गेले, आणि २००० च्या डिसेंबरांत तिची मालमत्ता एनव्हिडियानें विकत घेण्याचा करार झाला.

पण ही एनव्हिडिया तरी कशी वांचली? ती १९९३ सालीं तिघांनीं काढली. १९९५ ची तिची पहिली चिप वक्र पृष्ठांनीं चित्र रचीत असे. जगानें मात्र त्रिकोणांची पद्धति उचलली. सेगा या जपानी कंपनीसाठीं घेतलेलें काम चुकीच्या वाटेनें चाललें आहे, हें एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनीं सेगाजवळ कबूल केलें. तरीही सेगानें तिला ५० लक्ष डॉलर दिले. माणसें निम्म्याहून कमी करावीं लागलीं. दुसरा प्रयत्न करण्यास पैसाच नव्हता. म्हणून पुढील आराखडा त्यांनीं आधींच एका अनुकारी यंत्रावर चालवून तपासून घेतला आणि मग थेट घडविण्यास दिला. १९९७ सालीं निघालेल्या त्या रिवा १२८ नें कंपनी तारली. चुका शोधणें हें हलकें काम म्हणणाऱ्यांनीं ही हकीकत लक्षांत ठेवावी.

आपल्या पुण्यासही एकदम अनेकांस कामास लावण्याची विद्या नवी नाहीं. १९८८ सालीं येथें सी-डॅक संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं अनेक प्रोसेसर जोडून परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्याच संस्थेचा परम सिद्धि २०२० सालीं जगांत ६३ वा ठरला. मात्र पहिल्यांतील चिप ब्रिटिश आराखड्याची, तर दुसऱ्यांतील एनव्हिडियाची. जुळणी आपली, बीज दुसऱ्याचें! २०२१ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें ७६,००० कोटींचा सेमीकंडक्टर कार्यक्रम मंजूर केला. त्यांत देशी आराखडाकारांस साहाय्याची योजनाही घातली. पैसा मिळेल, पण निम्म्या पगारावर जाणारा मुलगा कोठून मिळणार? तो आपल्याच घरांतून जावा लागेल.

मीं मुलास एवढेंच सांगितलें कीं, नव्या कंपनीस प्रथम विचार: आराखडा करणारे किती आणि तपासणारे किती? दुसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल, तर जाऊं नकोस. तो विचारून आला. उत्तर समाधानकारक होतें.

मग निवाडा दिला. मुलानें जावें. घरांत चार मिळवते आहेत. तीन वर्षें त्याच्या वांट्याचा खर्च बाकीच्यांनीं उचलावा. एकत्र कुटुंबाचा उपयोग एकाच्या पगारावर दहांनीं बसण्यासाठीं नाहीं. एकानें धाडस केलें तर नवांनीं त्यास सांवरावें यासाठीं आहे. तीन वर्षांनीं हिशेब पाहूं. फसला, तर त्याची विद्या कोणी काढून घेत नाहीं. बंधु कांहीं बोलले नाहींत. परंतु दुसरे दिवशीं खर्चाच्या वहींत त्यांनीं स्वतःच आंकडे बदलले.

राहिली विवाहाची गोष्ट. त्या गृहस्थांस मीं पत्र लिहून नवा पगार कळविला आहे. लपवून केलेली सोयरीक टिकत नाहीं. चिरंजीव काय करतात, तेंही याच मजकुरानें कळविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.