गोडव्याचा हिशेब

काय खावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्यांशी आम्हांला वाद घालायचा आहे. औद्योगिक अन्न म्हटले की आपल्या सुशिक्षित मनापुढे परदेशातील कोंबड्यांचे पिंजरे उभे राहतात. चहातली साखर मात्र निष्पाप ठरते. ती सहकारी आहे ना! प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकाराने ऊसउत्पादकाला प्रतिष्ठा दिली, हे आम्ही नाकारीत नाही. पण ऊस लावणारा सभासद झाला. तोडणारा झाला नाही.

या व्यवहाराच्या भाषेत नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती टनाच्या दराने फेडायची, दिवस बुडाला तर खाडा भरायचा. तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो. म्हणून वाहन येईल तेव्हा, अपरात्रीसुद्धा, मोळ्या डोक्यावरून चढवायच्या. या वेळापत्रकात मासिक पाळीला जागा नाही. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. याला 'आवड' कसे म्हणावे?

हे समजल्यावर आम्ही आमच्या घरांतली साखर निम्म्यावर आणली. गुळाकडे वळलो नाही. गूळही उसाचाच, 'नैसर्गिक' या विशेषणाने कोयत्याची धार बोथट होत नाही. यावर आक्षेप येतो तो असा : तुमच्या चमच्याने काय होणार? ऊस आता इथेनॉलकडेही जातो. आणि मागणी घटलीच तर आधी मजुराचाच रोजगार बुडेल. आक्षेपातली माहिती खरी आहे, निष्कर्ष खोटा. चमचा कमी केल्याने कोणाचीही उचल फिटत नाही, हे मान्य. म्हणूनच तेवढ्यावर थांबता येत नाही. खाडा बंद व्हावा, स्त्रीची मजुरी तिच्या नावाने तिच्याच हाती पडावी, आजारपणात रजा मिळावी, आणि त्यासाठी साखर महाग झाली तर आपण ती निमूटपणे द्यावी. स्वस्त साखर हा आपला हक्क नव्हे.

आपण शब्दांची माणसे. साखरपुडा, साखरझोप, तोंड गोड करणे : या शब्दांत साखर सर्वत्र आहे, ऊस तोडणारी बाई कुठेच नाही. संहितेने काय गाळले ते वाचा, असे आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. ताट ही संहिता नव्हे, असे कोणी ठरवले?