यंत्र आपले, किल्ली परक्याची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे सर्वसाधारण पाठबळ काढून घेतले. पुढील आवृत्तीसाठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि ठरावीक प्रोसेसर आवश्यक केल्यामुळे असंख्य धडधाकट संगणक एका फतव्यासरशी बाद ठरले. मीरा-भाईंदरमधील लहान कारखानदाराचा गाळा असो की कामगाराच्या मुलाचा सेकंडहँड लॅपटॉप, झळ त्यांनाच बसते. अर्थशास्त्रात घसारा यंत्राच्या झिजेवरून मोजतात. येथे तो दूरच्या कंपनीच्या वेळापत्रकावरून ठरतो.

लिनक्स हा यावरील स्वावलंबनाचा मार्ग आहे. परंतु तो निष्कंटक आहे, असे कार्यकर्त्यांनी लोकांना सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लिनक्स बसविल्यावर लॅपटॉप झोपेतून जागा होत नाही, पंखा थांबत नाही, पडद्याचा उजेड कमी होत नाही, अशा तक्रारी येतात आणि ‘लिनक्स कुचकामी’ असा निकाल दिला जातो. पुष्कळदा आरोपी निराळाच असतो. मदरबोर्डवरील चिपमध्ये उत्पादकाने भरलेली मूळ आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, ही एसीपीआय नावाच्या तक्त्यांतून बॅटरी, पंखा, झोप यांची माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला पुरविते. हे तक्ते बहुधा केवळ विंडोजवर तपासून बाजारात येतात. समोर विंडोज आहे काय, असे फर्मवेअर विचारते आणि उत्तरानुसार वागते. म्हणून लिनक्सला वर्षानुवर्षे ‘होय’ असेच उत्तर द्यावे लागत आहे!

हा निव्वळ योगायोग आहे काय? एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरते राखता येतील काय, असा विचार बिल गेट्स यांनी जानेवारी १९९९ मधील अंतर्गत पत्रात मांडला होता. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील खटल्यात ते पत्र उजेडात आले. प्रत्येक दोष हेतुपुरस्सर असतो, असे यावरून सिद्ध होत नाही. मक्तेदारीची दृष्टी मात्र स्पष्ट होते.

तेव्हा निदान शिस्तीने करावे. प्रथम यंत्र सुरू होतानाची कर्नेलची नोंद वाचावी; फर्मवेअरचा दोष ओळखता आला, तर कर्नेल तेथे ‘फर्मवेअर बग’ असे स्वच्छ लिहितो. मग फर्मवेअरची नवी आवृत्ती शोधावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या एलव्हीएफएस या भांडारात अनेक उत्पादकांच्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. ती भरताना वीज गेली तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते; म्हणून बॅटरी पूर्ण भरून, चार्जर जोडूनच हे काम करावे. तरीही भागले नाही, तर फर्मवेअरला विंडोजची निराळी आवृत्ती सांगण्याचा कर्नेलचा पर्याय वापरावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा.

परंतु व्यक्तिगत कौशल्य हे सामाजिक अन्यायाचे उत्तर नव्हे. ‘आम्ही लिनक्सची हमी दिलीच नव्हती,’ असे उत्पादक म्हणतील. हमी कोणी मागत नाही. विकलेल्या वस्तूची माहिती दडवू नये, एवढेच मागणे आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती-हक्काचे पोर्टल उघडले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पाठबळ संपताच फर्मवेअरचा तपशील खुला करण्याचे बंधन कायद्यानेच घातले पाहिजे. तोवर मीरा-भाईंदर महानगरपालिकेने संगणकखरेदीच्या निविदेत लिनक्सवरील चाचणीची अट घालावी. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारून सार्वजनिक निर्णयाचे बळ दाखविले आहे. ही मागणी घेऊन आपल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्रभागात गेले पाहिजे.