काय नवीन-जुनं?

आमच्या बुलढाण्यात दोन माणसे भेटली, की पहिला प्रश्न ‘काय नवीन-जुनं?’ आणि त्यावर उत्तरही ठरलेले, ‘काही नाही, चाललंय.’ संगणकांचा आपसांतला संवाद बरीच वर्षे याच थाटाचा होता. कुठे नवा मजकूर आला का, हे कळण्यासाठी वाचकाचे यंत्र घटकेघटकेला तिथे जाऊन विचारी, ‘काही नवीन?’ बहुतेक वेळा उत्तर येई, ‘नाही.’ फुकटचे हेलपाटे! २००९ साली गूगलमधील ब्रॅड फिट्झपॅट्रिक आणि ब्रेट स्लॅटकिन यांनी यावर तोड काढली. लिहिणाऱ्याने एका मध्यस्थाला वर्दी द्यायची आणि नाव नोंदवलेल्या सर्वांना मध्यस्थाने ती तत्क्षणी पोचवायची. २०१८ साली ‘वेबसब’ या नावाने ती पद्धत प्रमाणित झाली. आता बातमीकडे जावे लागत नाही. बातमीच घर शोधीत येते.

ती कशी येते, हे पाहावे जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या निमित्ताने. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी तिथे शेतात घट मांडतात. वर्तुळात अठरा धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई. रात्री तिकडे कोणी फिरकायचे नाही. पहाटे ढेकूळ किती भिजले, दाणे कुठे सरकले, ते पाहून वर्षाचे भाकीत सांगायचे. चंद्रभान महाराज वाघांपासून चालत आलेली ही परंपरा. पूर्वी ऐकायला गेलेला माणूस गावी परते तेव्हा पारावर त्याची उलटतपासणी होई. तू स्वतः ऐकलंस का? जुलै म्हणाले की ऑगस्ट? आता ऊन चढायच्या आत भाकीत खिशातल्या फोनवर येऊन पडते. उलटतपासणी घ्यावी तर समोर कोणीच नसते!

या भाकितावर माझा विश्वास नाही. त्याला शास्त्राचा आधार नाही. पण माझी खरी तक्रार निराळीच आहे. या संदेशांवर तारीख नसते. ‘जूनमध्ये कमी, जुलैत चांगला’ हे वाक्य कोणत्याही वर्षाला शोभते. गेल्या सालचे भाकीत यंदाचे म्हणून फिरले तरी कोणाला कळणार? त्यावर सोयाबीन पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचे बियाणे पुन्हा उसनवारीवर.

तातडीची वर्दी हवी, पण ती विजेची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडत असल्यास इशारा देते. उघड्या रानात असलेल्या माणसाला तेवढी दहा मिनिटे पुरतात. पेरणीला मात्र असली घाई काय कामाची? पाऊण-शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, असे कृषिखाते सांगते, आणि तो पाऊस मोजायला पर्जन्यमापक भरावे लागते.

माझे एक शेतकरी स्नेही आहेत. त्यांना असा संदेश दाखवला, की ते चष्मा वर करून विचारतात, ‘सर, हे कोन्या सालचं?’ मी निरुत्तर होतो. तोवर ते वावरातले ढेकूळ उचलून बोटांनी फोडू लागलेले असतात.