निवड करणारा नामानिराळा कसा?

वृत्तपत्राच्या अखेरच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टंकात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापलेली असतात. वाचक ती ओळ क्वचितच वाचतो. पण वाचकांच्या पत्रव्यवहारातील एखाद्या वाक्यावरून खटला उभा राहिला, तर त्या ओळीतल्या संपादकालाच न्यायालयाची पायरी चढावी लागते. मजकुराच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण, तो संपादक, अशीच १८६७च्या कायद्याची व्याख्या होती. त्या कायद्याची जागा आता २०२३च्या कायद्याने घेतली. तत्त्व मात्र जुनेच आहे. जो निवडतो, तो उत्तरदायी.

फेसबुक, यूट्यूब यांसारख्या कंपन्यांना हा न्याय लागू होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ त्यांचे कवच आहे. त्यामागे कारणही होते. २००४च्या अखेरीस बाझी डॉट कॉमवर एका विक्रेत्याने अश्लील चित्रफीत विक्रीस ठेवली आणि अटक झाली कंपनीच्या प्रमुखांना! पुढे २००८च्या दुरुस्तीने हे कवच अधिक भक्कम झाले. २०१५मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, न्यायालयाचा आदेश वा शासनाची अधिसूचना मिळाल्यावरच मजकूर हटवण्याचे बंधन येते. तेही योग्यच. कंपनीलाच न्यायाधीश केले, तर खटल्याच्या धास्तीने ती रास्त टीकाही पुसून टाकील.

परंतु हे कवच सशर्त आहे. मजकूर कोणाकडे जावा हे मध्यस्थाने ठरवू नये, मजकुराची निवड वा त्यात बदल करू नये, असे त्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे त्याने टपालवाल्यासारखे वागावे. आज काय दिसते? कोणाच्या पडद्यावर काय झळकावे, हे कंपनीचे अल्गोरिदम ठरवते. लोक ज्यावर खिळून राहतात, ते पुढे सरकते आणि जाहिरातीचा पैसा मिळवून देते. एखाद्या मुलीचे विटंबित छायाचित्र अशा रीतीने रातोरात लाखोंपुढे गेले, तर तिच्या घराने दाद कोणाकडे मागावी? पत्रे फोडून त्यातील चुरचुरीत तेवढी गावभर वाटणाऱ्याला टपालवाला कोण म्हणेल?

२०२१च्या नियमांन्वये ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांना भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागला. हे पाऊल स्वागतार्ह होते. पण तक्रार ऐकून घेणे वेगळे आणि निवडीचा जाब देणे वेगळे. लिहिल्याची जबाबदारी लिहिणाऱ्याचीच राहो, बेकायदा काय ते न्यायालयच ठरवो. मात्र जे कंपनीने स्वतः उचलून लाखोंपुढे मांडले, त्यासाठी तिला संपादकाच्याच पिंजऱ्यात उभे केले पाहिजे. तळाची ती बारीक ओळ आता पडद्यावरही हवी.