दोनशेच्या पलीकडचे टेनिस : दोष वृत्तीचा की हिशेबाचा?

मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरो याने ऑक्टोबर २०२५ मध्ये शांघाय मास्टर्स स्पर्धा जिंकली, तेव्हा जागतिक क्रमवारीत तो २०४व्या स्थानी होता. मुख्य स्पर्धेत तर नाहीच, पात्रता फेरीतही त्याला ऐनवेळी जागा मिळाली होती. उपांत्य फेरीत त्याने नोव्हाक जोकोविचला नमविले आणि त्या एका स्पर्धेत तोपर्यंतच्या साऱ्या कारकिर्दीपेक्षा अधिक कमाई केली. पुण्यातील टेनिसप्रेमींना हा चेहरा अनोळखी नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झालेली चॅलेंजर स्पर्धा त्यानेच जिंकली होती.

साहजिकच प्रश्न पडतो, की बालेवाडीच्या कोर्टवरून एक जण शांघायपर्यंत पोहोचतो, तर आपली मुले तिनशे, पाचशे, आठशे या क्रमांकांभोवतीच का घुटमळतात? अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही टेनिस कोर्टच्या कडेला बसलेल्या पालकांत हा विषय निघाला, की उत्तर तयार असते : ‘आपल्या मुलांची वृत्तीच कमी पडते.’ हे उत्तर सोपे आहे, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सत्य क्रमवारीच्या तक्त्यात नव्हे, तर जमाखर्चाच्या वहीत सापडते.

ब्रिटनमधील अनुभव

वृत्तीचा आरोप केवळ आपल्याकडेच होतो असे नाही. ब्रिटनमध्ये तो अनेक वर्षे गाजला. विम्बल्डनमधून उरणारी मोठी रक्कम दरवर्षी तेथील टेनिस संघटनेकडे जाते. म्हणजे पैशांची ददात नाही. तरीही टिम हेन्मन, ग्रेग रुसेडस्की आणि पुढे अँडी मरे यांच्यासारखे मोजके अपवाद वगळता पुरुष एकेरीतील ब्रिटिश खेळाडू दीर्घकाळ पहिल्या शंभराच्या बाहेरच राहिले. घरच्या मैदानावर वाइल्ड कार्ड मिळते, अनुदान मिळते, मग घाम कशाला गाळायचा, अशी टीका तेथील वृत्तपत्रांतून होत असे.

२००७ मध्ये तर संघटनेने नाओमी ब्रोडी आणि डेव्हिड राइस या दोन तरुण खेळाडूंचे अनुदानच थांबविले. समाजसंपर्काच्या एका संकेतस्थळावरील त्यांची छायाचित्रे व्यावसायिक खेळाडूला शोभणारी नाहीत, असा ठपका होता. त्याच ब्रोडीने २०१६ मध्ये ७६व्या क्रमांकापर्यंत मजल मारली. वृत्तीविषयीचे निदान किती घाईचे असू शकते, याचे हे बोलके उदाहरण.

दुसरी बाजूही आहे. मार्कस विलिस हा ७७२व्या क्रमांकाचा खेळाडू २०१६ मध्ये पात्रता फेरीतून विम्बल्डनमध्ये आला, पहिली लढत जिंकला आणि सेंटर कोर्टवर रॉजर फेडररसमोर उभा राहिला. त्यावेळी तो एका क्लबमध्ये प्रशिक्षण देऊन गुजराण करीत होता. ऐन उमेदीच्या वर्षांत आपण चुकीचे निर्णय घेतले, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. येथे वृत्तीचा मुद्दा नाकारता येत नाही.

आणखी एक उदाहरण बिली हॅरिसचे. संघटनेच्या पाठबळाविना त्याने जुन्या व्हॅनमध्ये मुक्काम करीत काही वर्षे युरोपभर लहान स्पर्धा खेळल्या. २०२४ मध्ये, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, तो लंडनच्या क्वीन्स क्लब स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. मात्र ती व्हॅन युरोपात होती. तेथे एका स्पर्धेहून दुसरीकडे रस्त्याने जाता येते. बोरिवलीहून निघणाऱ्या खेळाडूला ही सोय नाही. त्याची प्रत्येक परदेशी स्पर्धा व्हिसाच्या रांगेपासून सुरू होते आणि विमानाच्या तिकिटावर अडते.

आकडे काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ची आकडेवारी घेऊन केलेल्या पाहणीनुसार, व्यावसायिक पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च सुमारे ३८ हजार ८०० डॉलर, तर महिला खेळाडूचा सुमारे ४० हजार डॉलर होता. त्यात प्रशिक्षकाचा खर्च धरलेला नव्हता. खर्च आणि कमाई यांची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६व्या, तर महिलांत २५३व्या क्रमांकाच्या आसपास होत होती. त्याखालचा प्रत्येक खेळाडू घरातून पैसे आणून खेळत होता.

सर्वांत खालच्या पायरीवर १५ हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धा असतात. तेथे एकेरीच्या मुख्य फेरीत पहिलीच लढत हरणाऱ्याच्या हाती सुमारे दीडशे डॉलर पडतात, म्हणजे तेरा हजार रुपयांच्या आसपास, आणि गुण एकही नाही. विजेत्यालाही दोन हजार डॉलरहून थोडेच अधिक मिळतात. ट्युनिशियातील मोनास्टिर किंवा तुर्कस्तानातील अंताल्या येथे अशा स्पर्धा आठवड्यामागून आठवडे होतात. मुंबईहून तेथे जाऊन-येऊन तीन-चार आठवडे राहायचे, तर स्पर्धा जिंकूनही हिशेब जेमतेम जुळतो. त्यात क्रमवारी ५२ आठवड्यांच्या कामगिरीवर ठरते. दुखापतीने किंवा पैशांअभावी तीन महिने घरी बसलेला खेळाडू आहे तेथेही राहत नाही, तो खाली घसरतो.

सुमित नागल या हरियाणाच्या खेळाडूने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या बँक खात्यात केवळ ९०० युरो असल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा तो देशातील एकेरीचा अव्वल खेळाडू होता. नोकरीचा पगार आणि महाराष्ट्रातील एका टेनिस प्रतिष्ठानची मदत या आधारावर त्याचा गाडा चालला होता. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने ३१व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरविले आणि जुलै २०२४ मध्ये ६८वा क्रमांक गाठला. त्या चार महिन्यांत त्याची वृत्ती बदलली होती काय? बदलले ते एवढेच, की तो पुढची स्पर्धा खेळू शकला. तो २०२५ मध्ये पुन्हा शंभराबाहेर गेला, हेही नोंदवायला हवे. एवढी या वाटेवरची जागा निसरडी आहे.

पुरुष खेळाडूंच्या संघटनेने, म्हणजे एटीपीने, २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी देण्याची योजना सुरू केली. तिचे स्वागतच आहे. पण ती आखताना रेषा २५०व्या क्रमांकावर ओढण्यात आली. ज्याला तेथपर्यंत पोहोचायचे आहे, त्याच्यासाठी ती नव्हती.

उपनगरातील अडचण

मुंबईच्या उपनगरांत ही कोंडी अधिक जाणवते. येथे टेनिस म्हणजे एखादा जिमखाना, क्रीडासंकुल किंवा मोठ्या गृहसंकुलाच्या आवारातील एखादे कोर्ट, तेही तासाच्या हिशेबाने. पावसाळ्यात उघडी कोर्ट ओली राहतात आणि वर्षाचा मोठा भाग हातचा जातो. शहरातील टेनिसची मुख्य ठाणी, राज्य संघटनेचे कुपरेज येथील केंद्र आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, दक्षिण मुंबईत. बोरिवली किंवा मुलुंडहून रॅकेटची बॅग खांद्यावर घेऊन गर्दीच्या लोकलने जाणे-येणे, त्यानंतर शाळा, शिकवणी आणि दहावीची परीक्षा! सोळाव्या वर्षी घरात चर्चा सुरू होते, की आता शिक्षण की टेनिस? पुण्यात बिऱ्हाड हलविणे प्रत्येकाला परवडत नाही. अशा घरातील मुलाने परदेशी स्पर्धा टाळून राज्यातल्या राज्यात खेळणे पसंत केले, तर त्याला ‘घरकोंबडा’ म्हणणे अन्यायाचे ठरते. अनेकदा तो घरच्यांचे पैसे वाचवीत असतो.

जवळच्या स्पर्धांचे मोल म्हणूनच मोठे. क्रिकेट क्लबच्या कोर्टवर २०२५ मध्ये झालेल्या महिलांच्या मुंबई ओपनमध्ये कोइंबतूरची १५ वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून थेट उपांत्य फेरीत गेली. दुसरीकडे, पुण्यात २०१८ पासून होणारी एटीपी स्पर्धा २०२३ नंतर राज्याबाहेर, किंबहुना देशाबाहेर गेली. तिच्या शेवटच्या वर्षी पुण्याच्या मानस धामणेला १५व्या वर्षी मुख्य फेरीचा अनुभव मिळाला होता. ती संधी आता पुढच्या मुलांना घराजवळ उपलब्ध नाही.

दोन वाटा

तरीही काहींनी वाट काढली, आणि येथेच वृत्तीचा खरा अर्थ उमगतो. ऋतुजा भोसले अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली आणि तेथील संघातून खेळली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. व्हाशेरोही याच विद्यापीठाचा, आणि शांघायच्या अंतिम लढतीत त्याने ज्याला हरविले तो त्याचा मावसभाऊ आर्थर रिंडरनेशही तेथलाच! शिष्यवृत्तीवर शिक्षण, प्रशिक्षक, कोर्ट आणि सामने एकाच ठिकाणी मिळतात आणि टेनिस थांबले तरी हाती पदवी राहते. मध्यमवर्गीय घराला पेलणारी ही वाट आहे.

दुसरी वाट दुहेरीची. मुंबईच्या पूरव राजाने दिविज शरणच्या साथीने २०१३ मध्ये बोगोटा आणि २०१६ मध्ये लॉस काबोस येथे एटीपी विजेतेपद मिळविले. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून पुढे आलेल्या पुण्याच्या अर्जुन कढेने ऋत्विक बोलिपल्लीसह २०२४ मध्ये अल्माटीची स्पर्धा जिंकली, तेव्हा तो तिशीचा होता. एकेरीचे स्वप्न बाजूला ठेवून दुहेरीत स्थिरावणे ही माघार नव्हे. आपली ताकद आणि खिसा ओळखून घेतलेला तो व्यावसायिक निर्णय असतो.

म्हणजे वृत्ती हवीच. पण ती केवळ घाम गाळण्याची नव्हे, तर वेळेवर हिशेब मांडण्याची. विलिसला संधी होती, शिस्त नव्हती. आपल्याकडील अनेकांकडे शिस्त आहे, पण खेळायला पुरेसे आठवडे नाहीत. दोघांवर एकच शेरा मारून चालणार नाही.

संघटना, सरकार आणि पुरस्कर्ते यांची मदत बहुतेकदा पदकानंतर येते. सत्कार होतात, धनादेश दिले जातात. तिची खरी निकड त्याआधी, तिनशे ते आठशे या अंधाऱ्या टापूत असते. महाराष्ट्रात लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धांची सलग मालिका झाली, तर विमानाचे तिकीट वाचेल आणि त्या पैशात प्रशिक्षक ठेवता येईल. तोवर ‘मुलगा कमी पडला’ असे म्हणण्याआधी, तो वर्षातून किती आठवडे खेळू शकला, एवढा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?